पत्रा ठोकायला घेण्याआधी

गाडीची बॉडी हाताने घडवायची म्हटलं की आमच्या बेळगावात पहिला प्रश्न येतो, "वेल्डिंग कोण मारणार?" खरं तर तो शेवटी विचारायचा. मडगार्ड पिळलं की खापर वेल्डरवर फुटतं, पण सांधा कुठे घेतला आणि दोन पत्रे एकमेकांना किती चिकटून बसले, यावर बरंचसं आधीच ठरलेलं असतं. जुन्या जीपच्या चासीवर नवी बॉडी चढवू पाहणाऱ्यांसाठी ही तयारी.

कागदाचं आधी उरका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. गाडी रस्त्यावर काढायची असेल तर कापाकापीआधी आरटीओत विचारून या. एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूरची गाडी इकडे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर केए २२ ची, म्हणजे बेळगावची नोंदणी लागते, हे सीमेवरच्या माणसाला नव्याने सांगायला नको. चासी नंबर मात्र नव्या पत्र्याखाली गाडला जाणार नाही, हे आखणीतच बघा.

पत्रा सीआरचाच, म्हणजे थंड लाटलेला (कोल्ड रोल्ड) घ्या, जाडी वीस गेज, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर. आठ बाय चारची शीट एकवीस किलोच्या आसपास भरते. वजनावरून गेज कळतो, म्हणून काट्यावर ठेवूनच घ्या. खोल गोलाई काढायची असेल तर साध्या सीआरऐवजी डीडी किंवा ईडीडी ग्रेड मागा, तो फाटायच्या आधी बराच ताणला जातो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, स्वस्त मिळाला तरी नको. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की रात्री थंडी-ताप भरतो.

मग कागदी नमुना. यात घाई करणारा पुढे पत्रा वाया घालवतो. जाड खाकी कागद साच्यावर किंवा सहा मिलिमीटर सळईच्या सांगाड्यावर अंथरा आणि हाताने दाबत चला. जिथे कागदाला चुण्या पडतात तिथे पत्रा आवळायचा आहे. जिथे कागद पुरत नाही, चिरून फाकवावा लागतो, तिथे पत्रा ताणायचा आहे. चुण्यांवर आणि चिरांवर वेगवेगळ्या रंगाचं स्केचपेन फिरवा आणि तोच कागद पत्र्यावर ठेवून खुणा उतरवा. ठोकताना हातोडा कुठे पडायचा हे मग विचारावं लागत नाही. डावं-उजवं मडगार्ड असेल तर नमुना उलटा करून दुसऱ्या बाजूला बसतो का बघा. जुन्या गाड्यांच्या दोन बाजू बहुधा सारख्या नसतात.

हत्यारांचं फार अवडंबर नको. चिंचेचा ओंडका, त्यात कोरलेला उथळ खड्डा, बाभळीची किंवा नायलॉनची मोगरी, दोन-तीन डॉल्या (पत्र्यामागे धरायचे लोखंडी ठोकळे) आणि गुळगुळीत तोंडाचा हातोडा. त्या तोंडावर टवका असेल तर आधी पॉलिश करा, नाहीतर तो प्रत्येक घावात पत्र्यावर उमटेल. पत्रा ठेवून ठोकायची वाळूची पिशवी अथणीकडच्या चपला करणाऱ्या कारागिराकडून जाड चामड्याची, दुहेरी शिवणीची करून घ्या. कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात बेळगाव जिल्हा उगीच नाही. वाळू चाळून, वाळवून भरा, पण ठासू नका. इंग्लिश व्हील (दोन रोलरमधून पत्रा फिरवून गोलाई काढायचं यंत्र) नसलं तरी काम अडत नाही. हवंच असेल तर उद्यमबागेत फ्रेम जोडून मिळेल, फक्त ती ताठ हवी. लवचिक फ्रेमवर रोलर फिरवणं म्हणजे नुसता घाम.

आता सांधा. सपाट भागाच्या मधोमध तो कधीच घेऊ नका. तिथे पत्र्याला आधार नसतो आणि तापून आवळला की डब्यासारखा टकटक वाजत राहतो. गोलाईजवळ किंवा कडेजवळ घ्या, तुकड्याचे कोपरे गोल ठेवा. एकावर एक चढवून जोडू नका, कडेला कड लावा. खानापूरकडच्या पावसात दोन पत्र्यांच्या मधलं पाणी बाहेर येत नाही, गंज येतो. टिग (टंगस्टन सळी आणि आर्गॉन गॅसवरचं वेल्डिंग) मारणार असाल तर फटीत हॅक्सॉ ब्लेडसुद्धा जाता कामा नये. कानस घ्या, लावून बघा, पुन्हा घासा. यात अख्खा दिवस गेला तरी जाऊ द्या.

वेल्डिंगच्या आदल्या दिवशी त्याच शीटच्या दोन पट्ट्यांवर चाचणी घ्या. १.६ मिलिमीटरचं टंगस्टन टोकदार, शुद्ध आर्गॉन, करंट तीस-चाळीस अँपिअरपासून चढवत. मिग (तार आपोआप पुढे सरकणारं वेल्डिंग) असेल तर ०.८ मिलिमीटरची तार. पण तिचा टाका कडक होतो, हातोड्याने पसरायला जड जातो. म्हणून माझा कौल टिगला किंवा सरावाचा हात असेल तर गॅसला. टाके इंचाइंचावर, पण ओळीने नाही, लांब-लांब उड्या मारत. टाका आवळतो, म्हणून तो डॉलीवर हलकेच ठोकून परत पसरवायचा. शीटचं तेल थिनरने पुसा आणि ते पूर्ण उडू द्या. क्लोरीनवाला क्लीनर मात्र नको, आर्कजवळ त्यातून विषारी वायू होतो. बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवून बाहेर न्या, सिलिंडर साखळीने बांधा, पंखा बंद करा. वाऱ्याने गॅस उडतो आणि टाक्याला जाळी पडते.

इपॉक्सी प्रायमर पत्र्याबरोबरच आणून ठेवा. जूननंतर उघडा पत्रा इथे रातोरात तांबूस होतो, आणि तो गंज लांबीखाली (रंगाआधी भरतात त्या पुटीखाली) गेला की वर्षभरात फुगे येतात.