कान्हेरीचा उतार : नॅशनल पार्कात सायकलवर रमतगमत कसं फिरावं

बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सायकलवर जायचं म्हटलं की प्रत्येक जण एकच सल्ला देतो : कान्हेरीचा चढ सांभाळ. चढात सांभाळायचं काय? दम लागला की माणूस उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. चढावर कुणाचे गुडघे फुटत नाहीत. फुटतात ते परतीच्या उतारावर. तेव्हा पोटात काहीतरी गेलेलं असतं, फोटो काढून झालेले असतात आणि मन बोरीवली स्टेशनवर पोचलेलं असतं. म्हणून बाकीचं थोडक्यात सांगतो आणि उताराचं सविस्तर.

आधी रस्ता. मुख्य फाटक बोरीवली पूर्वेला, हायवेला लागून. तिथून कान्हेरी लेणी साधारण ६ ते ७ किलोमीटर. बहुतेक वाट सपाट किंवा किंचित चढउताराची, आणि शेवटी घाटासारखा चढ. उद्यान आहे १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास, पण सायकलवाल्याच्या वाट्याला येतो तो मुख्यतः हा एक डांबरी रस्ता. तुळशी तलावाकडे फुटणाऱ्या फाट्यावर घुसू नका. ते मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचं तळं आहे, तिथे वाटेल त्याला सोडत नाहीत. सोमवारी उद्यान बंद असतं. रविवारी उघडं असतं, पण अर्धी मुंबई आत असते. मधला कुठलाही वार धरा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सगळ्यात सुखाचे. ऊन सोसत असेल तर मार्चही चांगला. पळस फुललेला असतो आणि कुसुमाला अशी लालभडक पालवी फुटते की लांबून फुलंच वाटावीत. पहिल्यांदा जाताय तर पावसाळ्यात मात्र नको. लोक म्हणतील, अरे पावसातच खरी मजा! मजा आहेच, पण ती चालणाऱ्यांची.

सायकल निवडताना

आत भाड्याने सायकल मिळते. ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं, दर फलकावर वाचा. स्वतःची सायकल न्यायची असेल तर सध्या सोडतात का, किती वाजेपर्यंत, हे फाटकावर विचारून घ्या.

स्टँडवरचा मुलगा जी सायकल पुढे करेल ती निमूटपणे घेऊ नका. रंग, गिअरची संख्या, पुढचे स्प्रिंगवाले दांडे, यातलं काही बघू नका. ब्रेक बघा. लिव्हर दाबल्यावर हँडलच्या दांड्याला टेकत असेल तर ती सायकल तिथेच ठेवा आणि दुसरी मागा. ब्रेकचे रबर गुळगुळीत झालेले असतील तरी तेच. मग सायकल हाताने पुढे ढकला आणि एकेक लिव्हर दाबून पाहा. मागचं चाक जमिनीवरून उचललं गेलं तर तो पुढचा ब्रेक, मागचं चाक अडकून फरफटलं तर तो मागचा. आपल्याकडे बहुधा उजव्या हाताला पुढचा असतो, पण भाड्याच्या सायकलींच्या केबली कुणी कशा बदलल्या असतील याचा भरवसा नाही. कुठला हात कुठल्या चाकाचा हे स्टँडवरच कळलेलं बरं.

दुसरी गोष्ट सीट. भाड्याच्या सायकलींच्या सीटा कायम खाली असतात, आणि मोठी माणसं बेडकासारखे गुडघे फाकवून पायडल मारताना दिसतात. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. तेवढी सीट वर घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, आणि चढावर उतरावं लागेल की नाही हे बरंचसं त्यावरच ठरतं.

सपाटीचा रस्ता

इथे शिकवण्यासारखं काही नाही. हळू चालवा. हळू म्हणजे बोलताना धाप लागणार नाही इतकं हळू. पुढे जाणाऱ्यांना जाऊ द्या. दहिसर नदीच्या पुलावर थांबा. ही नदी वर तुळशी तलावातूनच निघते. झाडीतून पाचसहा वेगवेगळ्या पक्ष्यांचे आवाज आले तर लगेच खूश होऊ नका. पल्लवपुच्छ कोतवाल एकटाच सगळ्यांच्या नकला करतो. शेपटीला लांब तारा आणि त्यांच्या टोकाला पिसाचे गोंडे दिसले की समजा, चोर सापडला. हँडलला ब्लूटूथ स्पीकर अडकवून जुनी गाणी वाजवत जाणाऱ्यांनी हे जंगल ऐकलेलंच नसतं. गाण्यांसाठी घर आहे.

माकडांबद्दल एकच नियम : हँडलला पिशवी लटकवू नका. पिशवीत काय आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, पिशवी दिसली की ती त्यांची. खाणं पाठीवरच्या सॅकमध्ये, चेन लावून. आडवं आलंच तर ओरडू नका, दात दाखवू नका, पाय टेकून थांबा. ते जातं. लेण्यांच्या रस्त्याला काकडी, पेरू, कैऱ्या घेऊन बसणाऱ्या पाड्यांवरच्या बायकांकडे बघा. मांडीशी काठी आडवी ठेवलेली असते, एक हात काकडी चिरत असतो आणि डोळा झाडावर असतो. त्यांच्याकडून तिखटमीठ लावलेली काकडी घ्या आणि तिथेच उभं राहून संपवा. हातात धरून सायकल चालवायला गेलात तर गेली.

बिबट्याचा प्रश्न हमखास येतो. या जंगलात बिबटे आहेत, भरपूर आहेत. त्यांचा वावर मुख्यतः संध्याकाळनंतरचा. अंधार पडायच्या आत खाली या, आणि संधिप्रकाशात रस्त्याकडेला एकट्याने वाकून चेन बसवत राहू नका. दिसलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही.

चढ

चढ लागण्याआधी गिअर हलका करा : पुढची लहान चकती, मागची मोठी. चढाच्या मध्यावर, पायडलवर सगळा जोर असताना बदलायला गेलात तर चेन कडकडते आणि भाड्याच्या सायकलीची तर उतरतेच. दमलात तर ढकला, लाज कसली.

लेणी

सायकल कुलूप लावून खाली ठेवा. तिकीट वेगळं, पुरातत्त्व खात्याचं. लेणी शंभराच्या वर आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतल्या दोन्ही टोकांच्या भव्य बुद्धमूर्ती बघा, मग वरच्या अंगाला जाऊन कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी बघा. दान देणाऱ्यांची नावं ब्राह्मी लेखांत कोरलेली आहेत, त्यांत कल्याण आणि सोपाऱ्याची माणसं आहेत. दोन तास पुरतात. पाणी प्या आणि उतारावर निघण्याआधी दहा मिनिटं नुसते बसा. हे दहा मिनिटांचं मी गंमत म्हणून सांगत नाही. उन्हात पायऱ्या चढून-उतरून पाय थरथरत असतात आणि तळहात घामेजलेले असतात. तसेच हात ब्रेकवर नकोत.

उतार

आपल्या प्रत्येकाला लहानपणी कुणीतरी सांगितलेलं असतं : पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटा पडशील. या एका वाक्याने जितकी माणसं पाडली असतील तितकी खड्ड्यांनी पाडली नसतील. मीही बराच काळ तेच प्रमाण मानून फक्त मागचा ब्रेक दाबायचो आणि सायकल का थांबत नाही याचं कोडं घालून घ्यायचो. कोडं काही नाही. चालत्या बसला ब्रेक लागला की उभी माणसं पुढे कलंडतात, तसंच सायकलवर सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हलकं पडतं. हलक्या चाकाला ब्रेक लावून काय थांबणार? ते अडकतं, घसरतं आणि बाजूला फिरतं. उतारावर तर वजन आधीच पुढे असतं. म्हणजे तुम्हाला थांबवणारा खरा ब्रेक पुढचाच.

मग उलटं पडण्याची भीती खोटी का? खोटी नाही. पुढचा ब्रेक एकदम, घाबरून, मुठीत आवळला तर माणूस हँडलवरून जातो. चूक ब्रेकात नसते, आवळण्यात असते. प्रत्येक लिव्हरवर दोन बोटं कायम ठेवा. दोन्ही ब्रेक एकत्र लावा आणि पुढचा हळूहळू घट्ट करत न्या. त्याच वेळी ढुंगण सीटच्या मागच्या टोकाकडे सरकवा, कोपरं थोडी वाकलेली, हात रोवलेले. दोन्ही पायडल जमिनीला समांतर. वळणावर मात्र बाहेरच्या बाजूचं पायडल खाली. हे सगळं उतारावर पहिल्यांदा करून बघायचं नाही. येताना सपाटीवर, चालण्याच्या वेगात, फक्त पुढचा ब्रेक हळूहळू दाबून सायकल थांबवायचा सराव करा. हाताला तो दाब एकदा कळला की डोक्याला समजावत बसावं लागत नाही.

वेग वाढू द्यायचाच नाही, हे दुसरं. पुष्कळ जण म्हणतात, सरळ भागात सोडून द्या, वळणाआधी दाबा. ज्याच्या सायकलीचे ब्रेक त्याने स्वतः बसवून नीट केलेत त्याने खुशाल सोडावी. भाड्याच्या सायकलीवर पहिल्या मीटरपासून वेग हातात ठेवा. मात्र ब्रेक सतत घासत ठेवू नका, रबर आणि रिम दोन्ही तापतात. दाबा, वेग कमी करा, सैल सोडा, पुन्हा दाबा. आणि वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. वळणात सायकल कललेली असते, तेव्हा जोरात लावलेला ब्रेक कुठलाही असो, चाक निसटतं.

आता रस्ता बघा. वळणांच्या कडेला बारीक वाळू आणि खडी साठते. हिवाळ्याच्या शेवटी सागाची मोठी पानं पसरतात, वाळलेली, एकावर एक. चाक त्यांच्यावर गेलं की पानं पानांवरून सरकतात. पानांच्या थरावर ब्रेक नाही, वळणं नाही. सरळ पार व्हा, मग ब्रेक. कडेला सावलीत हिरवं शेवाळ पावसानंतरही बरेच दिवस टिकतं. ओल्या रिमवर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, एकदोन फेऱ्यांत पाणी पुसलं गेल्यावर लागतो. तेवढ्यात तुम्ही बरंच अंतर काटलेलं असतं. सकाळी दव असेल किंवा सर येऊन गेली असेल तर उतरण्याआधीच हळू ढकलत ब्रेक दाबून रिम कोरडी करून घ्या.

बस आली की डावीकडे थांबा, पाय टेका. वळणावर ती तुमच्या बाजूला किती येईल हे ड्रायव्हरलाही आधी माहीत नसतं. डबलसीट उतरू नका. एका हाताने मोबाइल धरून व्हिडिओ तर नाहीच नाही, उरलेल्या एका हातात एकच ब्रेक येतो.

आणि हातांत कळ यायला लागली, बोटं बधिर व्हायला लागली तर थांबा. तरीही भीती वाटली तर उतरून चालत या. चढ ढकलत नेणाऱ्याला कुणी हसत नाही, उतार चालत येणाऱ्याला हसतात. हसू द्या.

चढाच्या पायथ्याशी आलात की पुन्हा सपाटी, पुन्हा काकडीवाल्या. सायकल परत करताना ब्रेक सैल वाटला असेल तर मुलाला तसं सांगा आणि डिपॉझिट मोजून घ्या. सुट्ट्या पैशांवरून वाद ठरलेला, तेव्हा सुट्टे खिशात ठेवलेले बरे.