गौडाच्या काचांमधून डच बंड कसे वाचावे

नेदरलँड्समधल्या गौडा शहरात सिंट यान चर्च आहे. या चर्चच्या खिडक्यांत सोळाव्या शतकातल्या चित्रमय रंगीत काचा आहेत, त्यांत स्पेनच्या दुसऱ्या फिलिप राजाने दिलेली काच आहे. त्याच्याविरुद्धच्या बंडाचे नेतृत्व केलेल्या ऑरेंजच्या विल्यमने दिलेलीही आहे. पुढे बंडखोर प्रांताच्या सभेने दिलेली काचही त्याच भिंतींत बसली आहे. देशभर मूर्ती फुटल्या, वेद्या उखडल्या गेल्या, पण या काचा मात्र राहिल्या. धर्मसुधारणा, म्हणजे कॅथलिक चर्चपासून प्रोटेस्टंटांचे वेगळे होणे, आणि बंड यांचा गुंता समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा नाही. अट एकच, काचा कोणत्या क्रमाने पाहायच्या हे आधी ठरवून जायला हवे. नाहीतर तासभर मान वर करून ‘छान रंग आहेत’ एवढेच हाती लागते.

जाण्यापूर्वी

उट्रेख्त, रॉटरडॅम आणि हेग यांपैकी कुठूनही रेल्वेने साधारण वीस मिनिटे लागतात. गाडीतल्या घोषणेत शहराचे नाव ‘हाउदा’ असे ऐकू येते, तेव्हा उतरायचे चुकू नका. स्टेशनपासून बाजारचौक दहा-बारा मिनिटांवर आहे आणि चर्च चौकाच्या मागेच आहे. इथे आजही प्रोटेस्टंट उपासना चालते, म्हणून रविवार टाळा. बाकी दिवसांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, त्या आदल्या दिवशी तपासा.

सोबत दुर्बीण हवीच, आठपट मोठे दाखवणारी पुरते. सर्वांत मोठ्या खिडक्या सुमारे २० मीटर उंच आहेत, त्यामुळे वरच्या भागातले चेहरे आणि अक्षरे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. हलके ढगाळ आभाळ असेल तर उत्तम. कडक उन्हात दक्षिणेकडच्या काचा इतक्या उजळतात की चेहऱ्यांवरच्या बारीक तपकिरी रेषा पुसल्यासारख्या वाटतात. मोबाइलने फोटो काढताना काचेच्या उजळ भागावर बोट ठेवून प्रकाश तिथेच बांधून घ्या आणि मग आणखी थोडा कमी करा. फोन आपण होऊन अंधाऱ्या भिंतीचा हिशेब धरतो आणि काच पांढरीफटक येते.

क्रमांक आणि साल यांची गल्लत

प्रत्येक काचेला क्रमांक आहे. क्रमांक पश्चिम टोकाला उत्तरेच्या भिंतीपासून सुरू होतात, पूर्वेच्या वेदीस्थानाला वळसा घालतात आणि दक्षिणेच्या भिंतीने परत पश्चिमेला येतात. बहुतेक लोक १ पासून सुरुवात करतात आणि इथेच घोळ होतो. १ क्रमांकाची काच बंडाच्या उत्तरार्धातली, १५९६ च्या सुमाराची आहे. सर्वांत जुनी काच १५, म्हणजे अगदी पूर्वेची. क्रमांकाने चाललात तर आधी निकाल वाचाल आणि मग खटला.

म्हणून या क्रमाने फिरा: १५, ७, २३, ८, २२, ६. मग थांबा. त्यानंतर १, २६, २५. चर्च १२३ मीटर लांब, देशातले सर्वांत लांब आहे, त्यामुळे उत्तर-दक्षिण चकरा पडतात. दोन तास हाताशी ठेवा.

एक काच कशी वाचायची

खालून वर वाचा. तळाशी बहुधा देणगीदार गुडघे टेकलेला दिसतो. त्याच्याजवळ त्याचा संरक्षक संत, ढाली आणि लॅटिन मजकूर असतो. त्याच्या वर बायबलमधला प्रसंग. मोठ्या खिडक्यांत दोन प्रसंग एकावर एक असतात, खाली नव्या करारातला आणि वर बहुधा जुन्या करारातला, खालच्याची पूर्वछाया म्हणून. पैसे कोणी दिले, कोणत्या साली दिले आणि त्या साली देशात काय चालले होते, हे तीन प्रश्न प्रत्येक काचेला विचारा. प्रसंग कोणता हा प्रश्न त्यानंतरचा.

ढाली ओळखता आल्या तर अर्धे काम होते. एकमेकींवर तिरप्या दोन लाल किल्ल्या म्हणजे लायडन. मधोमध काळा उभा पट्टा म्हणजे डेल्फ्ट. तीन फुल्या ॲम्स्टरडॅमच्या. सोनेरी पार्श्वभूमीवर लाल सिंह हॉलंड प्रांताचा.

१५५५ ते १५७१: राजा, बिशप, सरदार

१२ जानेवारी १५५२ ला वीज पडून चर्च जळाले. नव्या खिडक्यांसाठी बड्या लोकांकडे शब्द टाकला गेला. काम मुख्यतः डिर्क आणि वाउटर क्राबेथ या भावांनी केले. १५ क्रमांकाची काच डिर्कची, १५५५ ची. तिच्यात येशूचा बाप्तिस्मा आहे आणि ती उट्रेख्तचा बिशप योरिस फान एग्मोंट याने दिली. बाप्तिस्मा करणारा योहान हा या चर्चचा आणि शहराचा संत, म्हणून सुरुवात तिथून झाली.

७ क्रमांकाजवळ जास्त वेळ द्या. साल १५५७. वर शलमोन राजाच्या मंदिराचे समर्पण, खाली प्रभूचे शेवटचे भोजन, आणि त्या भोजनाच्या दृश्यातच दुसरा फिलिप आणि त्याची राणी, इंग्लंडची मेरी ट्यूडर, गुडघे टेकून बसले आहेत. दुर्बीण इथे लावा. राजा प्रसंगाच्या बाहेर, तळाच्या पट्टीत नाही. तो पवित्र घटनेचा साक्षीदार म्हणून आत आहे. इथे वाचकाकडून पहिली चूक होते. ‘परकी सत्ता’ हा शब्द मनात धरून आपण फिलिपला आक्रमक समजतो. पण हे प्रांत त्याला वारशाने मिळाले होते. त्याचा बाप पाचवा चार्ल्स गेंटमध्ये जन्मला होता. १५५७ मध्ये तो गौडाच्या लोकांचा कायदेशीर धनी होता आणि त्याची काच हा शहराचा मान होता. तक्रार सुरू झाली ती राज्य कसे चालवले यावरून: शहरांचे आणि प्रांतांचे जुने हक्क डावलणे, पाखंडी ठरवून माणसे जाळणे, संमतीशिवाय कर. तिन्ही धागे वेगळे धरा. तीनही एकाच माणसाला टोचत होते असे नाही. कराने चिडलेला व्यापारी कॅथलिक असू शकत होता.

२३ ची काच समोरच्या, दक्षिण बाजूला आहे. वाउटरची, १५६२ ची. वर एलीया संदेष्ट्याचा यज्ञ, खाली येशू शिष्यांचे पाय धुताना. देणगीदार पार्माची मार्गारेट, फिलिपची सावत्र बहीण आणि १५५९ पासून त्याच्या वतीने कारभार पाहणारी. ५ एप्रिल १५६६ ला ब्रसेल्समध्ये सरदारांनी धर्मछळ थांबवावा म्हणून अर्ज दिला, तो तिच्याचकडे.

आता ८ आणि २२ लागोपाठ पाहा. या जोडीसाठी चर्च ओलांडावे लागते, पण कंटाळा करू नका. ८ ची काच १५६६ ची. तिच्यात यरुशलेमच्या मंदिराचा खजिना लुटायला आलेल्या हेलिओडोरसला स्वर्गातून आलेला घोडेस्वार तुडवतो. देणगीदार ब्रुन्सविकचा ड्यूक एरिक, राजाच्या पक्षाचा. त्याच वर्षी १० ऑगस्टला फ्लँडर्समधल्या स्टेनव्होर्डे इथे मूर्तिभंजन सुरू झाले आणि २० ऑगस्टला अँटवर्पच्या मोठ्या चर्चमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या. विषय त्याआधी ठरला असला तरी, वर्षाच्या अखेरीस ही काच पाहणाऱ्याला मंदिर लुटणारे कोण वाटले असतील, हे उघड आहे.

२२ ची काच डिर्कची, १५६७ ची: येशू मंदिरातून व्यापाऱ्यांना हाकलतो. देणगीदार ऑरेंजचा विल्यम. इथे दुसरी चूक टाळा. विषय सुधारकांना आवडणारा आहे, देणगीदार पुढचा बंडनायक आहे, म्हणून ही ‘प्रोटेस्टंट काच’ असे लिहिलेले आढळते. पण १५६७ मध्ये विल्यम उघडपणे कॅथलिकच होता, प्रोटेस्टंटांतल्या कॅल्व्हिनपंथात तो १५७३ मध्ये आला. मंदिर शुद्ध करावे असे कॅथलिकांनाही वाटत होते. खाली गुडघे टेकलेला विल्यम शोधत बसू नका, तो नाही. एप्रिल १५६७ मध्ये तो देश सोडून जर्मनीत डिलेनबुर्गला गेला आणि ऑगस्टमध्ये राजाचा सेनापती आल्बाचा ड्यूक सैन्य घेऊन ब्रसेल्सला पोहोचला.

६ ची काच १५७१ ची. ज्युडिथ शत्रूच्या सेनापतीचे, होलोफर्नेसचे, शिर कापते. देणगीदार आरेनबर्गचा सरदार ज्याँ द लिन्य. तो २३ मे १५६८ ला हाइलिगरलेच्या लढाईत राजाच्या बाजूने लढताना पडला होता, म्हणजे काच लागली तेव्हा देणगीदार हयात नव्हता. एक बारकावा: ज्युडिथ आणि हेलिओडोरस या दोन्ही कथा सुधारकांनी बायबलच्या मुख्य ग्रंथांबाहेर काढलेल्या पुस्तकांतल्या आहेत. चर्च त्यांच्या हाती गेल्यावरही दोन्ही काचा राहिल्या.

मधली तेवीस वर्षे

६ समोर थांबा, कारण त्यानंतर चर्चमध्ये बसलेली काच थेट १५९४ ची आहे. या रिकाम्या जागेतच बंड घडले. आल्बाने एग्मोंट आणि होर्न या सरदारांची डोकी ५ जून १५६८ ला ब्रसेल्समध्ये उडवली. विक्रीवर दहा टक्के कराचा आग्रह धरला. १ एप्रिल १५७२ ला समुद्री बंडखोरांनी ब्रील शहर घेतले आणि जूनमध्ये गौडा बंडात गेले. १५७३ मध्ये हे चर्च सुधारित, म्हणजे कॅल्व्हिनच्या, पंथाकडे आले आणि हॉलंडमध्ये कॅथलिकांची जाहीर उपासना बंद झाली. १५७९ मध्ये बंडखोर प्रांतांना एकत्र बांधणारा उट्रेख्तचा करार, २६ जुलै १५८१ ला फिलिपला धनी म्हणून नाकारणारा ठराव, १० जुलै १५८४ ला डेल्फ्टमध्ये विल्यमचा खून.

काचा का वाचल्या? सुधारकांचा रोष प्रामुख्याने वेदी, मूर्ती आणि ज्यांच्यापुढे लोक गुडघे टेकतात त्या वस्तूंवर होता. खिडकीपुढे कोणी मेणबत्ती लावत नव्हते. शिवाय ती फोडली की पाऊस आत आणि नवी बसवायचा खर्च शहराच्या माथी.

१५९४ नंतर: शहरे आणि प्रांत

आता देणगीदार बदलले. गुडघे टेकणारे राजे आणि संत गेले, ढाली आणि रूपके आली. कामही वेगळे दिसते. क्राबेथ भावांच्या काचेत गडद रंगाचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी आकृतीच्या कडेने जोडलेले आहेत. नंतरच्या काचांत रंग तुलनेने फिका वाटतो आणि चित्र काचेवर रंगवून भाजण्यावर भर जास्त आहे.

१ क्रमांकाची काच हॉलंडच्या प्रांतसभेने दिली, चित्ररचना योआखिम उतेवालची. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य रथात बसले आहे, सद्गुणांच्या पाच स्त्रिया रथ ओढतात आणि चाकाखाली जुलूमशाही चिरडली जाते. ही सर्वांना पूर्ण धर्मस्वातंत्र्य देणारी घोषणा समजू नका. उट्रेख्तच्या कराराच्या १३ व्या कलमाने धर्मावरून कोणाची चौकशी वा छळ होणार नाही असे म्हटले होते. मनात काय मानायचे ते माना, एवढाच त्याचा अर्थ. कॅथलिकांना आपली उपासना, मिस्सा, घरांच्या माळ्यावर आणि मागच्या खोल्यांत करावा लागे.

२६ आणि २५ शेवटी, जोडीने. दोन्ही चित्ररचना इसाक फान स्वानेनबुर्ख या लायडनच्या चित्रकाराच्या. २६ लायडनने दिली, १६०१ मध्ये. विषय बायबलमधल्या, वेढ्यात उपाशी मरणाऱ्या शोमरोन शहराची सुटका: चार कुष्ठरोगी शत्रूच्या छावणीत जातात तर छावणी रिकामी, अन्न तसेच पडलेले. ३ ऑक्टोबर १५७४ ला लायडनमध्ये हेच झाले होते. ऑगस्टमध्ये बांध फोडले, पाणी हवे तितके चढेना, अखेर वारा फिरला, पाणी वाढले आणि स्पॅनिश सैन्य रात्रीत निघून गेले. परंपरा सांगते की त्यांच्या ठाण्यात भाज्या-मांसाचे भांडे तसेच सापडले. लायडनने स्वतःची कथा बायबलच्या तोंडून सांगितली. शेजारची २५, १६०३ ची, डेल्फ्टने दिली आणि तिने आडवळण घेतले नाही: पाण्याखालची शेते, होड्या आणि वेढ्यातले लायडन. फक्त ही काच १५७४ चा पुरावा म्हणून वापरू नका. ती २९ वर्षांनंतरची आठवण आहे, आणि तीही विजयी बाजूची.

पाऊण तासच असेल तर ७, २२, १ आणि २५ एवढ्या चारच पाहा, त्याच क्रमाने. प्रवेशापाशी क्रमांकांचा नकाशा मिळाला तर हे चार आकडे त्यावर आधी गोल करून घ्या.