दोन डॉक्टर, एक वही

गेवराईच्या स्टँडवर संडास कुठल्या बाजूला, शहागडला पूल ओलांडल्यावर कुठल्या हॉटेलवाल्याला नुसती मान हलवली की तो मागचं दार उघडतो, पाचोडला किती मिनिटं गाडी थांबते, हे मला तिकिटाच्या टप्प्यांपेक्षा पक्कं पाठ आहे. मी एसटीत कंडक्टर. आठ वर्षांपासून मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा. त्यातलं पहिलं दीड वर्ष मूळव्याध समजून मलम लावण्यात गेलं. पुढची तीन वर्षं मनाचं दुखणं ‘पोट बरं झालं की जाईल’ म्हणत अंगावर काढली.

माझे पोटाचे डॉक्टर संभाजीनगरला, मनाचे बीडच्या जिल्हा रुग्णालयात. दोघं एकमेकांना भेटलेले नाहीत, भेटायची शक्यताही नाही. त्यांच्यातला निरोप्या मीच. हे काम कसं करायचं ते सांगतो.

आधी दोनशे पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका. डॉक्टर आपला मोबाइल हातात घेऊन वाचत बसत नाहीत, वही मात्र स्वतः ओढून घेतात. पहिल्या पानावर आजाराचं नाव, कोलोनोस्कोपीची (दुर्बिणीनं आतडं बघतात ती तपासणी) तारीख आणि सूज कुठवर आहे ते, चालू गोळ्या डोससकट, आणि पूर्वी कुठली गोळी सोसली नाही ते. आतल्या पानांवर रोज एकच ओळ. माझी अशी असते: ‘मंगळवार. 6 वेळा. रक्त थोडं. रात्री 2 दा उठलो. झोप 4 तास. मन दहापैकी 3. मुक्कामी गाडी.’ शेवटचे दोन शब्द विसरू नका. माझं मन मुक्कामी गाडीच्या आदल्या रात्रीच ढासळतं, हे मला दोन महिन्यांची पानं उलटल्यावर कळलं. आणि ओळ त्याच दिवशी लिहा. चार दिवसांचं एकदम भरायला बसलं की खोटं भरलं जातं. आमच्या वेबिलाचंही, म्हणजे फेरीच्या तिकीट-हिशेबाच्या कागदाचंही, तसंच असतं.

पोटाच्या डॉक्टरांना मनाचं सांगणं सगळ्यात अवघड. बाहेर पन्नास-साठ पेशंट बसलेले. ‘आणखी काही?’ असं ते विचारेपर्यंत मी निम्मा उठलेलो असायचो. शेवटी घरूनच चिठ्ठी लिहून नेली आणि बसल्या बसल्या टेबलावर ठेवली: ‘दोन महिने झोप नाही. कशात जीव लागत नाही. ड्यूटीवर जायची धास्ती वाटते. हे औषधानं होतंय का? मानसोपचारवाल्यांकडे जायचं असेल तर पत्र द्या.’ त्या पत्रात चार गोष्टी मागून घ्या: आजार सध्या किती जोरात आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत, कुठल्या द्यायच्या नाहीत, आणि फोन कुठल्या नंबरवर करायचा.

चिठ्ठीमुळं पहिलं सापडलं ते प्रेडनिसोलोन, म्हणजे आतड्याची सूज उतरवायला दिलेली स्टेरॉइडची गोळी. माझा डोस तेव्हा 40 मिलिग्रॅम. स्टेरॉइडनं झोप उडते, चिडचिड होते, कुणाला रडू येतं, कुणाला उगाच चेव चढतो. मी तर पाच रुपये सुट्ट्यावरून एका म्हाताऱ्या पॅसेंजरवर ओरडलो होतो, त्याची लाज अजून वाटते. डॉक्टरांनी गोळी सकाळी खाऊन घ्यायला लावली आणि टप्प्याटप्प्यानं कमी केली. आपल्या मनानं मात्र बंद करू नका. ही गोळी चालू असताना शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी करतं, मग एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.4, म्हणजे बरंच कमी. रक्त जात राहिलं की अंगातलं लोह संपतं, माणूस गळून जातो आणि ते उदासीसारखंच दिसतं. म्हणून हिमोग्लोबिन, लोह आणि बी-12 या तपासण्या झाल्यात का, ते विचारा.

मानसोपचार ओपीडीत पहिल्या दिवशी मी रुमालानं तोंड झाकून बसलो होतो. डेपोतला कुणी दिसला तर? (दिसला. तोही रुमाल बांधूनच होता.) तिथं नऊ प्रश्नांचा कागद देतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दलचा, 27 पैकी गुण, जितके जास्त तितकी उदासी जास्त. माझे 16 आले. हा आकडा वहीत उतरवून घ्या आणि पोटाच्या डॉक्टरांनाही दाखवा. आकडा बघितला की तेही थांबून विचारतात.

गोळी लिहून दिली की लगेच विचारा, ‘ही माझ्या पोटाला काय करील?’ उदासीवरच्या काही गोळ्यांनी सुरुवातीला मळमळतं, संडास पातळ होते. सुरू केल्याची तारीख लाल पेननं लिहा. नाहीतर पोटाचे डॉक्टर म्हणतील आजार उसळला, आणि स्टेरॉइड वाढेल. कंबर दुखली म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मेडिकलवरून आणून खाऊ नका. त्यांनी आतड्याची सूज उसळू शकते, आणि उदासीवरच्या काही गोळ्यांसोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

माझा खरा गुंता समुपदेशक बाईंनी सोडवला. संडास लागेल या भीतीनं मी ड्यूटी संपेपर्यंत काहीच खात नव्हतो. दिवसभर उपाशी, रात्री दोन भाकरी आणि ठेचा. त्यांनी आधी जवळच्या फेरीला अर्धी भाकरी अन् वरण खाऊन जायला लावलं, मग हळूहळू लांबच्या फेरीला. पिशवीत एक जादा पँट ठेवायलाही त्यांनीच सांगितलं. आठ महिन्यांत ती एकदाच लागली.

आई म्हणायची, ‘बप्पा, काहून एवढं मनाला लावून घ्यायलास? त्यानंच पोट बिघडायलंय.’ तिचं निम्मं खरं. हा आजार काळजीनं होत नाही, पण काळजीनं त्रास वाढू शकतो. मग आज जे होतंय ते सुजेनं की भीतीनं? रक्त पडणं आणि झोपेतून उठून धावावं लागणं ही सुजेकडं बोट दाखवणारी खूण. पण निकाल आपण द्यायचा नाही. विष्ठेची कॅलप्रोटेक्टिन नावाची तपासणी असते, तिच्यावरून आतड्यात सूज आहे का याचा अंदाज येतो. मागून घ्या.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर मी दोन गोष्टी मोठ्या अक्षरात लिहिल्यात. दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताची संडास आणि सोबत ताप किंवा छातीत धडधड, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना. आणि मरणाचे विचार आले तर बायकोला उठवायचं आणि 14416 लावायचा. ही सरकारची टेलि-मानस सेवा, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. विचार जात नसतील तर सरळ दवाखान्याची इमर्जन्सी गाठायची, एकट्यानं राहायचं नाही. मला तो नंबर एकदा लावावा लागला आहे.

तपासून बाहेर पडलात की डॉक्टर काय बोलले ते स्टँडवरच बसून वहीत उतरवा आणि पानाचा फोटो घरी पाठवा. एकदा गाडी सुटली की हादऱ्यानं आपलं अक्षर आपल्यालाच लागत नाही.