जुनी व्हॅन पासिंगला नेण्याआधी

आमची मारुती ओम्नी व्हॅन 2008 सालची. गणपतीला सामानासकट गावी जायला घेतलेली, आणि बाकी वर्षभर माहीमला बिल्डिंगखाली खारा वारा खात उभी. 2023 साली तिला पंधरा वर्षं झाली आणि फेरनोंदणीसाठी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, न्यावी लागली. इंजिन उघडून घेतलं होतं, ब्रेक नवे होते, रंगही मारला होता. पहिल्याच फेरीत नापास! कारण मागचा डावा इंडिकेटर. बल्ब ठीक होता, त्याच्या अर्थिंगचा स्क्रू गंजला होता, एवढंच.

त्या दिवशीपासून माझं मत पक्कं झालंय की जुनी व्हॅन मोठ्या बिघाडापेक्षा अशा बारीकसारीक गोष्टींवरच जास्त अडकते. आणि त्या सापडायला महिनाभर आधी सुरुवात करावी लागते.

पहिली पायरी: कागद

खासगी, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण, आणि त्याआधी तपासणी. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याच्या गाडीला 8 वर्षं होईपर्यंत दर 2 वर्षांनी, पुढे दरवर्षी फिटनेस सर्टिफिकेट घ्यावं लागतं. खासगी गाडीसाठी नमुना 25 चा अर्ज मुदत संपण्याच्या आधी 60 दिवसांत करता येतो, त्याआधी नाही. माझ्या मते 60 वा दिवस उजाडला की अर्ज भरून टाकावा. नापास झालात तर हाताशी वेळ राहतो.

फी आता चिल्लर राहिलेली नाही. 15 वर्षांवरच्या कारच्या नूतनीकरणाला पूर्वी 600 रुपये लागायचे, 1 एप्रिल 2022 पासून 5000 झाले. 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाड्यांना ते 10000 केले. शिवाय पर्यावरण कर वेगळा. विमा चालू हवा, जुनी ई-चलनं भरलेली हवीत. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबरप्लेटही बसवून घ्या.

सीएनजी असेल तर दोन गोष्टी बघा. किटची नोंद आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) आहे ना, आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने चाचणी, झाली आहे ना. ती दर 3 वर्षांनी करावी लागते. सिलिंडर मागच्या सीटमागे सामानाखाली दडलेला असतो, तारीख कोणी वाचत नाही. 200 बार दाबाची टाकी घेऊन आपण फिरतो, निदान तारखेची पट्टी तरी वाचावी.

चेसिस नंबरची छाप पेन्सिलने घेतात. जुन्या गाडीत तो गंजाखाली नाहीतर रंगाखाली गेलेला असतो. रॉकेलचा बोळा आणि जुना टूथब्रश घेऊन हळूहळू साफ करा. ग्राइंडर लावू नका. अंक पुसट झाले तर छेडछाड केल्यासारखं दिसतं आणि नसतं झेंगट मागे लागतं.

दुसरी पायरी: पत्रा

मुंबईत जुन्या व्हॅनचा खरा शत्रू इथेच आहे. अर्धी गाडी समुद्राच्या हवेने जाते, उरलेली पावसात हिंदमाता नाहीतर मिलन सबवेला तुंबणाऱ्या पाण्याने. पाणी ओसरतं, पण मॅटखालचा फोम आठवडाभर ओला राहतो आणि पत्रा आतून सडतो.

सगळ्या मॅट काढा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फ्लोअर ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडका भद्द आवाज देतो, आणि फारच गेला असेल तर मूठ सरळ आत जाते. आमच्याकडे ड्रायव्हरच्या टाचेखाली ताटलीएवढं भोक निघालं होतं. वर मॅट, त्यामुळे कुणालाच पत्ता नाही. सरकत्या दाराची खालची पट्टी, चाकांवरच्या कमानी, जॅक लावायची जागा आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बॉडीला अडकतात तो भाग नक्की बघा. पाट्यांची जागा सडली असेल तर गाडी पासिंगलाच काय, रस्त्यावरही नेऊ नका.

इथे डेंटर तुम्हाला लांबी (पुट्टी) भरून रंग मारायचा सल्ला देईल. स्वस्त पडतं, दिसायला झकास. पण लांबीला ताकद नसते. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करून घ्या. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची वायर काढायला सांगा, आणि सीएनजी असेल तर सिलिंडर उतरवूनच काम करा.

तिसरी पायरी: ब्रेक आणि पुढची चाकं

सपाट मोकळ्या रस्त्यावर ताशी 30 च्या वेगाने ब्रेक दाबा, हात स्टिअरिंगवर सैल ठेवा. गाडी एका बाजूला ओढते? मग एका बाजूचा ब्रेक नीट धरत नाही; मागच्या एका ड्रममध्ये व्हील सिलिंडर गळून लायनरला (ब्रेकच्या घर्षणपट्टीला) ऑइल लागलेलं असू शकतं. रोज चालवताना आपण नकळत स्टिअरिंगने ते सावरून घेतो. स्वयंचलित तपासणी केंद्रातले रोलर मात्र डाव्या-उजव्या चाकाचा जोर वेगवेगळा मोजतात, तिथे लपत नाही. ऑइल लागलेले लायनर पॉलिश पेपरने घासून चालत नाहीत, दोन्ही बाजूंचे बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपल्याकडे ओलीला काय तोटा! दोन वर्षांत एकदा बदला.

हँडब्रेक चढावर ओढून बघा. केबल गंजली की दांडा वर येतो, पण चाक काही धरत नाही.

मग पुढचं चाक जॅकवर घ्या. वर-खाली धरून हलवा. लटपटलं तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट गेलाय. डावी-उजवीकडे धरून लटपटलं तर टाय रॉड एन्ड. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर हे सगळं मिळतं. फक्त जुना पार्ट हातात घेऊन जा, फोनवर वर्णन करून आणलेला पार्ट हमखास परत न्यावा लागतो.

टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी नको. खाचांमधल्या बारीक उंचवट्यांना रबर टेकलं की टायर संपला.

चौथी पायरी: दिवे, हॉर्न, वायपर

संध्याकाळी भिंतीसमोर गाडी लावा, एकाला मागे उभं करा आणि एकेक बटण दाबा. नंबरप्लेटचा दिवा आणि रिव्हर्सचा दिवा विसरू नका. हेडलाइटच्या आतली चांदी उडाली असेल तर नवा बल्ब लावून उपयोग नाही, अख्खा दिवाच बदला. बाजारू एलईडी, प्रेशर हॉर्न, काळी फिल्म घरीच उतरवा. दिवा लागत नसेल तर वायर बदलण्याआधी अर्थिंगचा स्क्रू घासून बघा. हे मी कशावरून सांगतोय ते वर आलंच आहे.

पाचवी पायरी: पीयूसी, म्हणजे धुराची तपासणी

इंजिन थंड असताना नेऊ नका. वीसेक मिनिटं चालवून मग जा. नव्या गाड्यांच्या धुराचे नियम टप्प्याटप्प्याने कडक होत गेले: मुंबईत एप्रिल 2005 ला बीएस-3 आणि एप्रिल 2010 ला बीएस-4 लागू झालं. आमच्यासारख्या बीएस-3 पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइड 0.5 टक्के आणि हायड्रोकार्बन 750 पीपीएमच्या आत लागतं. बीएस-4 ला हेच आकडे 0.3 आणि 200. सीएनजी गाडीची दोन्ही इंधनांवर तपासणी होते, आणि वर्षानुवर्षं गॅसवरच पळालेली गाडी पेट्रोलवर नेमकी खोकते. आधी आठवडाभर पेट्रोलवर चालवा, एअर फिल्टर आणि प्लग बदला.

पास झाल्यावर

टाइमिंग बेल्ट, रेडिएटरचे होस, क्लच याकडे पासिंगमध्ये कोणी बघत नाही. सकाळी पास झालेली ओम्नी संध्याकाळी बेल्ट तुटून घाटात उभी राहू शकते, आणि त्यात तपासणी करणाऱ्याची चूक नसते. म्हणून गावी निघण्याआधी आम्ही पुढची सीट वर करतो, खालच्या इंजिनचा होस दाबून बघतो. बोटाखाली तडे जाणवले की त्याच दिवशी बदलतो.