सेप्सिसमधून उठल्यावर या चुका टाळा (आम्ही बहुतेक सगळ्या केल्या)

मिरजेच्या हॉस्पिटलातून सांगलीला घरी आले, तेव्हा सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "सुटलीस गं बाई!" मलाही तसंच वाटलं. लघवीचं इन्फेक्शन आठवडाभर अंगावर काढलं, ते रक्तात पसरलं, अकरा दिवस आयसीयूत गेले. आता डिस्चार्ज मिळाला, म्हणजे विषय संपला. पहिली चूक हीच.

आपल्याकडे "सेप्टिक झालं" म्हटलं की पू झालेली जखम डोळ्यासमोर येते. सेप्सिस त्याहून वेगळा. जंतूंशी लढता लढता शरीराचाच तोल सुटतो आणि किडनी, फुफ्फुसं, हृदय, मेंदू यांना मार बसतो. जंतू अँटिबायोटिकने मरतात, पण ही पडझड भरून यायला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त. २०१७ साली जगभरात सुमारे ४.८९ कोटी लोकांना सेप्सिस झाला आणि त्यातले १.१ कोटी दगावले, असा अंदाज आहे. म्हणजे पावणेचार कोटींहून जास्त लोक माझ्यासारखेच वाचले. वाचल्यावर पुढे काय, हे मला तरी कुणी नीट सांगितलं नव्हतं.

बरं असल्याचं नाटक

भडंगाच्या पुड्या आणि केळी घेऊन माणसं भेटायला यायची. मी पावडर लावून, उशीला टेकून हसत बसायची. ती गेली की संध्याकाळपर्यंत डोळे उघडत नसत. भेटणाऱ्यांना पंधरा दिवस थांबवा. सर्दी-खोकला असलेल्यांना तर सरळ दारातूनच परत पाठवा, राग आला तर येऊ दे.

हेच चालण्याचं. तिसऱ्या दिवशी सगळ्यांना दाखवायला म्हणून मी जिना चढले आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढले. आयसीयूत पडून मांड्यांचे स्नायू अक्षरशः वाळतात. मला खुर्चीतून हात न टेकता उठता येत नव्हतं. फिजिओथेरपिस्टने मग तेवढंच करायला दिलं, पाच वेळा उठ, पाच वेळा बस. मग फाटकापर्यंत, मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत. आमराईची एक पूर्ण फेरी मारायला मला चार महिने लागले. चांगल्या दिवशी अंगात जोर आला म्हणून सगळी कामं उरकू नका. दुसऱ्या दिवशी ती वसूल होतात.

"वेड लागलं म्हणतील" म्हणून गप्प बसणं

ही चूक मला सगळ्यात महाग पडली. आयसीयूत मला दिसायचं, की पंख्यातून हळद गळतेय आणि सिस्टर ती पोत्यांत भरून मार्केट यार्डात पाठवतायत. शेवटचं पोतं माझं. घरी आल्यावरही रात्री अडीचला तोच वास यायचा आणि मी घामाने भिजून उठायची. महिनाभर कुणाला बोलले नाही. सासूबाईंना सुगावा लागला, त्यांनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. त्यांचं प्रेम, माझी तक्रार नाही, पण भास तसेच राहिले.

फेरतपासणीला गेल्यावर शेवटी डॉक्टरांना सांगून टाकलं. ते दचकलेसुद्धा नाहीत. याला डेलिरियम म्हणतात, आयसीयूतल्या रुग्णांत हे नेहमीचं आहे, म्हणाले. खरा आधार मिळाला तो मुलाच्या जुन्या वहीचा. ह्यांनी त्या दिवसांत तिच्यात रोज दोन ओळी लिहिल्या होत्या: "मंगळवार, मला ओळखलं नाही. गुरुवार, नळी काढली. पाणी मागितलं." माझे हरवलेले दिवस त्या वहीत सापडले. तुमचं माणूस आत असेल तर आजच अशी वही घाला. आणि भीती, उदासी, झोप न लागणं महिन्यापलीकडे रेंगाळलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

विसरभोळेपणाही त्यातलाच. माझं दूध दोनदा उतू गेलं, दूधवाल्याचा हिशेब जमेना. आता गॅसचा टायमर आणि कॅलेंडरवरच्या नोंदी यांच्यावर घर चालतं.

केस दोन-तीन महिन्यांनी मुठीने गळतात. महागडी तेलं घेऊ नका, बहुतेकांचे आपोआप परत येतात.

मेडिकलमधून आणलेली गोळी

सांधे दुखतात म्हणून दुकानातून पेनकिलर आणू नका, उरलेली अँटिबायोटिकं पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. मार खाल्लेल्या किडनीला काही पेनकिलर आणि कुणीतरी सुचवलेले काढे झेपत नाहीत. क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ततपासणी) सांगितलेल्या तारखेलाच तपासा. प्रोटीन किती खायचं तेही त्या रिपोर्टवर ठरतं, शेजाऱ्यांच्या अनुभवावर नाही. हॉस्पिटलात बंद केलेल्या बीपी-शुगरच्या गोळ्या कधी सुरू करायच्या, हे विचारायचं आमच्याकडून राहूनच गेलं होतं. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचंही विचारून घ्या.

ताप आला, बघू सकाळी

अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सेप्सिसमधून वाचलेल्या वयस्करांपैकी साधारण चाळीस टक्के नव्वद दिवसांत पुन्हा दाखल झाले होते. म्हणून हुडहुडी, धाप, असंबद्ध बोलणं, लघवी कमी होणं, हातपाय गार किंवा डागाळलेले दिसणं, यातलं काहीही दिसलं तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका, १०८ लावा. ताप असायलाच हवा असंही नाही. कधी अंग उलट गार पडतं. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच: "हिला आधी सेप्सिस झालेला आहे."

आमच्या फाइलवर मुलाने लाल मार्करने तेच लिहून ती फ्रिजवर ठेवली आहे. गेल्या श्रावणात रात्री मला थंडी वाजायला लागली. मी म्हटलं, "काही नाही, पंखा कमी करा." ह्यांनी पंखा बंद केला आणि फाइल काढली. रक्त-लघवी तपासली, साधा व्हायरल निघाला, सकाळी सोडलं. फुकट फेरी पडली म्हणून मी ओशाळले होते. विश्रामबागेत गाडी थांबवून हे म्हणाले, "चहाला बाहेर पडलो होतो असं समज."