कथा-क्रूझला निघालेल्या मंडळांनो, या चुका टाळा

बडोद्याच्या भजनी मंडळांना सध्या क्रूझचं वेड लागलंय. पूर्वी मंडळाची सहल म्हणजे डाकोर, नारेश्वर, गरुडेश्वर, फार झालं तर पंढरपूर. आता सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजावर भागवत कथा, पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ आणि मधल्या वेळात पेनांग नाहीतर फुकेत. त्यात वाईट काही नाही, मीही जाते. फक्त मंडळाची कागदपत्रांची फाइल माझ्याकडे असते, त्यामुळे गजर कोणता घ्यायचा यावर महिनाभर चाललेली चर्चा मला ऐकू येते आणि पासपोर्टच्या झेरॉक्स मागितल्या की "देते गं, कपाटात आहे" एवढंच उत्तर मिळतं. पुढचं सगळं त्या कपाटात अडकलेल्या लोकांसाठी.

आधार कार्डावरून यादी करणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलणार आहे.

गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाची कागदोपत्री दोन-तीन नावं असतात. समजा, बाईंचं नाव कुसुम मधुकर जाधव. शाळेच्या दाखल्यावर तेच. आधार काढायला गेल्या तेव्हा समोरच्याने सवयीने 'कुसुमबेन मधुकरभाई' करून टाकलं. रेशनकार्डावर आडनाव आधी, म्हणजे 'जाधव कुसुमबेन'. पासपोर्ट लेकीकडे पुण्यात असताना निघाला, त्यावर नुसतं कुसुम. रोजच्या जगण्यात या तिन्ही बायका एकच असतात. विमान कंपनीच्या संगणकाला मात्र त्या तीन वेगळ्या बायका वाटतात.

एका वर्षी यादीचं काम मंडळातल्या एका काकांच्या उत्साही भाच्याने घेतलं. पासपोर्ट गोळा करायला वेळ लागतो म्हणून त्याने व्हॉट्सॲपवर सगळ्यांकडून आधारचे फोटो मागवले आणि एका रात्रीत यादी तयार केली. सगळ्यांनी त्याला नमस्काराचे हात आणि फुलं पाठवली. मी विचारलं, "पासपोर्टशी ताडून पाहिलीस का?" तर म्हणाला, "मावशी, ते एजंट बघतो." एजंटने काही बघितलं नाही. तिकिटं यादीवरून निघाली. व्हिसा अर्थातच पासपोर्टवरून निघाले.

मध्यरात्री अहमदाबादच्या विमानतळावर आमच्या पेटीवाल्या काकू काउंटरला पोचल्या. तिथली मुलगी म्हणाली, तिकीट कुसुमबेनचं आहे आणि पासपोर्ट कुसुमचा. मागे रांगेत आणखी चार 'बेन' आणि दोन 'भाई' उभे. एजंटचा फोन बंद. मंडळाने काय करावं? तिथेच 'विठ्ठल विठ्ठल' सुरू केलं! भक्तीबद्दल माझी तक्रार नाही, पण त्या घडीला कोणीतरी एजंटच्या ऑफिसचा दुसरा नंबर शोधायला हवा होता. शेवटी काउंटरवरच्या लोकांनीच वर विचारून, पासपोर्ट पुन्हापुन्हा पाहून नावं दुरुस्त केली. बोर्डिंग बंद व्हायला थोडा अवकाश होता म्हणून निभावलं.

खरी गंमत सिंगापूरच्या धक्क्यावर झाली. आमच्यात दोन जावा आहेत, आडनाव एक, नावाचं पहिलं अक्षरही एकच. भाच्याने नंतर घाईघाईत पासपोर्ट नंबर भरताना दोघींचे अदलाबदल केले होते. बाकी मंडळ वर जाऊन जेवायला बसलं आणि या दोघी खाली बाकावर, शेजारी शेजारी, जहाजाची प्रवासी यादी दुरुस्त होईपर्यंत. त्यांचं तसंही फारसं पटत नाही.

माझी पद्धत सांगते. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, कोनासारख्या चिन्हांनी भरलेल्या. वरच्या ओळीत देशाच्या खुणेनंतर आधी आडनाव येतं, मग लागोपाठ दोन कोन, मग नाव, मग एक कोन आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, असलं तर. मी फक्त त्या ओळीवरून उतरवून घेते. मग प्रत्येकाला फोन करून पासपोर्ट हातात धरायला लावते आणि अक्षर अक्षर वाचून दाखवते. एकाच आडनावाची माणसं असली की पुढे जन्मतारीख लिहिते. कंटाळवाणं काम आहे, दोन-तीन दुपारी जातात. हल्ली फोनने पासपोर्ट स्कॅन केला की यादी आपोआप होते म्हणे. होत असेल. पण पासपोर्टवरच नाव चुकलेलं असेल किंवा आडनावाची जागा रिकामी असेल, तर ते फोन सांगत नाही. वाचताना काकू स्वतःच सांगतात, "अगं, इथे तर माझं माहेरचं नाव आहे." अशी दुरुस्ती तिकीट काढायच्या आधी करून घ्या. पासपोर्ट सेवा केंद्र बडोद्यातच आहे. नव्या पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी लागली तर तिला मात्र तिचा वेळ द्यावा लागतो. "ओळख आहे, लवकर करून देतो" म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

पासपोर्टची मुदत तिथे उतरायच्या दिवसापासून पुढे निदान सहा महिने हवी. परतीच्या तारखेपर्यंत पुरतो म्हणून तो चालेल असं नाही.

व्हिसाच्या कागदावर फक्त फोटो बघणं

जहाज सिंगापूरहून सुटतं आणि सिंगापूरलाच परत येतं. म्हणजे तुम्ही त्या देशात दोनदा शिरता, एकदा विमानाने आणि एकदा समुद्रातून. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर दुसऱ्या वेळी काय सांगणार? कागद हातात आला की प्रवेश किती आणि तारीख कुठवर, या दोनच गोष्टी आधी पाहा. फोटोत कसे दिसतो ते नंतर. तिथलं अरायव्हल कार्डही दोनदा भरायचं, जाताना आणि जहाजातून परत उतरताना. ते पोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरता येतं आणि सरकारी संकेतस्थळावर फुकट असतं. कोणी पैसे मागितले तर तुम्ही भलत्याच ठिकाणी आहात.

सिंगापूरला क्रूझचे धक्के दोन आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नुसतं "क्रूझ" सांगू नका.

आरतीचं सामान

दुसरी मोठी चूक. जहाजावर उघडी ज्योत चालत नाही. निरांजन नाही, उदबत्ती नाही, धूप नाही, कापूर नाही. समुद्राच्या मध्यावर आग लागली तर बंब कुठून येणार? त्यामुळे या बाबतीत ते कोणाचं ऐकत नाहीत. सामान चढवताना क्ष-किरणांतून जातं आणि इस्त्री, पाणी तापवायची किटली, एक्स्टेन्शन बोर्ड असलं सगळं बाजूला काढून घेतात. कापूर तर विमानातच चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नाहीत, त्यात तेल फार. ओटीसाठी आणलेल्या वाट्या अहमदाबादलाच काढून ठेवाव्या लागल्याचं मी पाहिलंय.

हे सगळं मी बैठकीत वाचून दाखवते. सगळे माना डोलावतात. तरी एका वर्षी एका आजींनी चांदीचं निरांजन नऊवारीच्या घडीत गुंडाळून, सोबत तुपात भिजवलेल्या वाती डबीत घालून नेलं. काडेपेटी कुठून मिळवली ते मला अजून कळलेलं नाही. एकादशीच्या पहाटे केबिनमध्ये दिवा लावला. केबिनच्या छताला धूर ओळखणारं यंत्र असतं. मिनिटभरात दाराशी दोन सुरक्षारक्षक. आजी शांतपणे म्हणतात, "आरती पूर्ण होऊ दे." दिवा विझवला, केबिन तपासली, निरांजन प्रवास संपेपर्यंत जप्त. त्यानंतर मंडळप्रमुखांना बोलावून अर्धा तास समज दिली, ती वेगळीच. कथेसाठी मिळालेलं सभागृह काढून घेतील अशी धाकधूक दिवसभर होती. आजी मात्र निर्धास्त. मला म्हणाल्या, "गरुडेश्वरला कोणी असं करत नाही." अर्थात करत नाही, गरुडेश्वर तरंगत नाही.

आता मी मंगळ बाजारातून बॅटरीची निरांजनं घेते आणि निघायच्या आठवडाभर आधी मंडळात त्यांनीच आरती करायला लावते. ही रंगीत तालीम टाळू नका. आरती झाल्यावर लोक सवयीने हात ज्योतीवर धरून डोळ्यांना लावतात. प्लास्टिकच्या ज्योतीवर हात धरताना पहिल्यांदा सगळेच हसतात आणि दोघे-तिघे हमखास रुसतात. ते हसणं आणि रुसणं बडोद्यात होऊन जाऊ दे.

गंगाजल हातातल्या पिशवीत नेणार असाल तर शंभर मिलिलिटरच्या वर नाही. जयपूरचे सवाई माधोसिंह १९०२ साली विलायतेला गेले तेव्हा चांदीच्या अवाढव्य घागरी भरून गंगाजल नेलं होतं. पण जहाजही त्यांनीच पूर्ण भाड्याने घेतलं होतं.

डबे आणि औषधं

घरी केलेलं खाणं जहाजावर चढू देत नाहीत, कारखान्यात सीलबंद झालेली पाकिटं चालतात. म्हणजे खाखरे, शेव चालेल, पण पहाटे उठून केलेले ठेपले आणि डब्यातला लीलो चेवडो विमानतळावरच संपवा. अनारसे मुळीच नेऊ नका. त्यांवरच्या खसखशीला सिंगापुरात परवानगी लागते आणि दुबईत तर ती बंदच आहे. गुटखा, जर्दा, तपकीर यांवर सिंगापुरात २०१६ पासून बंदी आहे. "एकच पुडी आहे" म्हणणाऱ्या काकांनी ती एक पुडी घरी ठेवावी. उपासाचं आणि कांदा-लसणाशिवायचं जेवण जहाजाला आधी लेखी कळवलं तर मिळतं. टेबलावर बसून सांगितलं तर दही आणि केळी मिळतात.

औषधांची चूक याहून गंभीर. धक्क्यावर मोठी बॅग हमाल घेऊन जातात आणि ती केबिनशी संध्याकाळी येते, कधी रात्री. साखरेच्या गोळ्या त्या बॅगेत असल्या तर दुपारचं जेवण तुम्ही कशाच्या जोरावर घेणार? गोळ्या, पासपोर्ट, चष्मा, एक साडी किंवा सदरा खांद्यावरच्या पिशवीत. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध सिंगापुरात नेण्यापूर्वी तिथल्या आरोग्य खात्याची मंजुरी घ्यावी लागते, म्हणून चिठ्ठी डॉक्टरांना आधीच दाखवून विचारा.

विमा काढताना रक्तदाब, साखर लपवू नका. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल केबिनच्या खात्यावर चढतं आणि उतरायच्या आधी भरावंच लागतं. विमा कंपनी नंतर "हे आधी सांगितलं नव्हतं" म्हणून हात वर करते.

जहाज लागतं त्यांनी गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते. नंतर घेतलेली पोटात राहत नाही. केबिन खालच्या मजल्यावर, मधोमध मागा. बाल्कनीच्या हट्टापायी टोकाची केबिन घेतलेले लोक कथेला येत नाहीत, आडवे असतात.

बाकीचं, थोडक्यात

फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि तिथेच ठेवा. भर समुद्रात जहाजाचं नेटवर्क उपग्रहावरून चालतं, फोन ते आपणहून पकडतो आणि घरी आल्यावर बिल बघून लोक मला फोन करतात.

सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. सगळ्यांनी जहाजाची वेळ लावायची, "मी मनात हिशेब करते" चालणार नाही.

सुरक्षेच्या कवायतीला दांडी मारू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज खडकावर आपटलं, बत्तीस माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तेव्हा झालेलीच नव्हती. आता ती जहाज सुटण्याआधी घेतात. तेवढा वेळ जप नंतर करा.

बंदरावर उतरलात तर परतायची वेळ सुटायच्या वेळेच्या आधीची असते. जहाजाच्याच सहलीला उशीर झाला तर ते बहुधा थांबतात. तुम्ही स्वतः ठरवलेल्या टेम्पोसाठी नाही, मग आत कीर्तनकार बसलेले असोत.

पखवाज न्यायचा असेल तर चांगल्या कडक पेटीत, बॅगेजमध्ये. डाव्या पुडीला लावायची कणीक मात्र इथून नेऊ नका. जहाजाच्या स्वयंपाकघरात मूठभर मागितली की देतात, फक्त कशाला हवी ते समजावताना जरा वेळ जातो.

बडोद्याहून मुंबईला त्याच दिवशी गाडीने जाऊन रात्रीचं विमान पकडायचा बेत पावसाळ्यात तरी करू नका. आदल्या दिवशी निघा.

परदेशी टूरच्या पैशांवर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. तो आयकर विवरणपत्र भरलं तरच वळता होतो. ज्या काकू विवरणपत्र भरत नाहीत त्यांच्या मुलांनी तेवढं बघावं, कारण एजंट ते आपणहून सांगत नाही.

आणि शेवटच्या रात्रीचं. मोठ्या बॅगा रात्रीच केबिनबाहेर ठेवायला सांगतात, त्या थेट धक्क्यावर मिळतात. दर वेळी कोणीतरी उत्साहात सगळंच भरून टाकतं आणि सकाळी गाऊनवर, अनवाणी, दारात उभं असतं. एक जोडी कपडे, चपला, गोळ्या आणि पासपोर्ट बाहेर ठेवा. कवळी रात्री पेल्यात काढून ठेवत असाल तर तो पेला बेसिनपाशी नको, पासपोर्टच्या शेजारी ठेवा.