कुसळ भरण्याआधी डोंगराचं गवत कापा

सप्टेंबर सरता सरता पाऊस ओसरतो आणि डोंगरउतारावरचं गवत निसवायला, म्हणजे तुरा बाहेर टाकायला लागतं. निसवण्यापासून फुलोऱ्यापर्यंतचे दिवस हीच कापणीची खरी वेळ. नेमकी तेव्हाच सोयाबीनची काढणी येते, गवत मागे पडतं आणि विळा लागतो तो दिवाळीनंतर. तोवर काडी झालेली असते. फुलोऱ्यात साधारण 6-7 टक्के असलेली प्रथिनं वाळल्या गवतात 2-3 टक्क्यांवर येतात. गंजी तेवढीच दिसते, पण जनावराच्या अंगी काही लागत नाही.

डोंगरावर कुसळी नावाचं गवत असतं, त्याच्या बियांना सुईसारखी टोकदार कुसळं येतात. त्याचा एक तुरा हातात घेऊन बघा. तो हिरवा, मऊ आणि कुसळं सुटी असतील तर आजच कापा. कुसळं काळपट होऊन शेंड्याला वेणीसारखी गुंतली असतील तर उशीर झाला. त्यातलं एक कुसळ सोडवून ओल्या तळहातावर ठेवा, पीळ सोडत ते गरगर फिरू लागतं. याच फिरण्याने ते बी मातीत रुतवतं, आणि मेंढीच्या लोकरीतून कातडीतही शिरतं. हिरड्यांत कुसळ रुतलेलं जनावर चारा सोडतं. म्हणून कुसळ झडेपर्यंत मेंढरं त्या उतारावर घालू नका.

शेडा आणि डोंगरी ही चांगली गवतं मुरमाड, उथळ जमिनीवर वर्षानुवर्षं त्याच ठोंबातून फुटतात. ओढ्याकाठच्या भारी मातीत मारवेल हे गवत जमतं. ठोंब जगवायचा तर जमिनीपासून 10 सेंमी वर कापा, मुळाशी खरडू नका. उताराला आडवे काही पट्टे बियांसाठी राखा. बी पिकलं की हाताने ओरबाडून घ्या, सावलीत वाळवा. ताजं बी काही महिने झोपेत असतं, ते लगेच उगवत नाही. पुढच्या जूनमध्ये पहिल्या चांगल्या पावसानंतर, शेणमातीत घोळवून उघड्या जागी फेका. खोल पुरलेलं बी वर येत नाही.

नवं गवत फुटावं म्हणून डोंगर पेटवतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. वारंवारच्या आगीत कुसळी फोफावते आणि शेडा हटतो, म्हणजे जे नको तेच वाढतं. डिसेंबरच्या आत, गवत पुरतं वाळण्याआधी, जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा, साफ करून घ्या.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने मोकाट चराई बंद करून गवत कापून नेण्याची शिस्त लावली. आपल्या गावाचं गायरान असेल तर येत्या ग्रामसभेतच कापणीचे दिवस आणि राखायचे पट्टे ठरवून घ्या.